छातीतली डबी आणि शशीची बोटं

डॉक्टरांनी तुम्हाला छातीत आयसीडी, म्हणजे हृदयाचे ठोके सांभाळणारं यंत्र, बसवून घ्यायला सांगितलं असेल आणि त्या धास्तीनं तुम्ही हे वाचायला घेतलं असेल, तर पहिल्याच ओळीत सावध करतो. हे लिहिणारा माणूस थापाड्या आहे. बडोद्यात मांजलपूरपासून छाणीपर्यंत कुणालाही विचारा, दत्तू जगतापचं नाव काढताच समोरचा आधी हसेल, मग पत्ता सांगेल.

हे आमच्या रक्तातच आहे. पणजोबा संस्थानच्या फौजेत होते. त्यांनी एक वाघ मारला, असं आजोबा सांगत. वडिलांच्या वेळेला वाघ दोन झाले. माझ्यापर्यंत येईतो पाच झाले आणि पाचव्यानं तर पणजोबांना पाहून स्वतःहूनच मान खाली घातली. आमच्या घरात भिंतीवर एक तलवार आहे, तिला त्या पाचही वाघांची नावं ठाऊक आहेत.

पण आजारपणाबद्दल लिहायचं तर थापा चालणार नाहीत. का चालणार नाहीत, तेच सांगायला बसलोय. म्हणून जिथे माझी जीभ सैल सुटेल तिथे मी स्वतःच थांबून म्हणेन, ‘आता भागून सांगतो.’ हे भागणं काय, ते कळायला तुम्हाला शशी माहीत हवा.

शशी

शशिकांत कदम माझा साडू. साडू नंतरचा, दोस्त आधीचा. लहानपणी आम्ही एकाच आखाड्यात लाल मातीत लोळलो. माझं शैलाशी लग्न झालं, तेव्हा तिची धाकटी बहीण मंगल मीच त्याला सुचवली. तो तरसालीला राहायचा, मी मांजलपूरला. दर रविवारी सकाळी आमची मंडळी सेव-उसळ खायला जमायची आणि तिखट रश्श्याबरोबर माझी गोष्ट असायचीच.

मी सुरू झालो की शशी तोंडानं काही बोलायचा नाही. नुसती बोटं वर करायचा. चार बोटं म्हणजे चारानं भागा. दोन्ही पंजे म्हणजे दहानं. मंडळी मनातल्या मनात भागाकार करायची आणि मग खदाखदा हसायची. मला कधी राग आला नाही. उलट एखाद्या रविवारी दोनच बोटं वर गेली तर वाटायचं, आज आपली तब्येत बरी नाही.

वांग्यांच्या ढिगाजवळ

मी मार्केटात पडलो तेव्हा असा पडलो की वांग्यांचे भाव उतरले. तीन हातगाड्या उलटल्या, एक म्हैस पळाली...

आता भागून सांगतो. खंडेराव मार्केटच्या कोपऱ्यावर भरताची वांगी निवडत होतो. छातीत काहीतरी फडफडलं, मुठीत धरलेल्या कबुतरासारखं. डोळ्यांपुढे अंधारी आली, मी खाली बसलो आणि मग आडवा झालो. भाजीवाल्या बेननं कोथिंबिरीवर शिंपडायचं पाणी माझ्या तोंडावर मारलं आणि ओरडली, “काका, संभळाय छे?” ऐकू येत होतं. उत्तर देता येत नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा मला कुणी विचारलं आणि माझ्याकडे सांगायला काही नव्हतं.

दवाखान्यात डॉक्टरबाईंनी तपासण्या केल्या. बाई गुजराती, वयानं माझ्या मुलीएवढ्या, बोलणं मऊ. म्हणाल्या, “काका, तुम्हाला आधी कधीतरी अटॅक येऊन गेलाय. हृदयावर त्याचा वण आहे.”

“मला? कधीच नाही.”

“ॲसिडिटी म्हणून सोडा प्यायला असाल.”

शैलानं माझ्याकडे पाहिलं. सोडा तिनंच आणून दिला होता.

बाईंनी समजावलं ते असं. त्या वणामुळे माझं हृदय मध्येच बेभान धावायला लागतं. धावतं, पण रक्त पुढे ढकलत नाही. या वेळेस आपोआप ताळ्यावर आलं, पुढच्या वेळेस येईलच असं नाही. त्यासाठी गळपट्टीच्या हाडाखाली, कातडीच्या आत, एक छोटं यंत्र बसवायचं. त्याची तार हृदयापर्यंत जाते. ते रात्रंदिवस ठोके बघतं, बिघडले तर सुधारतं, आणि जे जे घडलं ते सगळं लक्षात ठेवतं.

शैलानं एकच विचारलं, “नाही बसवलं तर?”

बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. आमचं उत्तर त्यातच आलं.

त्या दिवशी रिक्षात मी घरापर्यंत विनोद करत आलो. रिक्षावाला इतका हसला की मीटर टाकायला विसरला. घरी आल्यावर मी बाथरूममध्ये गेलो, नळ मोठा सोडला आणि रडलो. शैलाला ते कळलं होतं, हे तिनं मला फार नंतर सांगितलं. “तुम्ही बादली लावलीच नव्हती,” म्हणाली. “पाणी नुसतं फरशीवर पडत होतं.”

वॉर्डातले दिवस

दवाखान्यात माणसाचं नाव जातं आणि खाटेचा नंबर राहतो. पहाटे ताप बघतात, मग रक्तदाब, मग झाडू, मग फिनेलचा वास, मग चहा, आणि डोळा लागला की राउंड. माझी छाती भादरायला आलेल्या मामांना मी प्रत्येक केसाचा इतिहास सांगायला घेतला. ते म्हणाले, “काका, तुमचा इतिहास लई मोठा, माझी पाती दोनच.”

यंत्र बसवताना झोपवत नाहीत, फक्त तेवढी जागा बधिर करतात. तोंडावर हिरवं कापड होतं. खांद्यापाशी कुणीतरी पाकीट खिशात कोंबतंय असं वाटत होतं. बाई मदतनिसाशी कुठल्याशा फरसाणाच्या दुकानाबद्दल बोलत होत्या आणि मला त्याचा फार आधार वाटला. माणूस मरणार असेल तर कोणी फाफड्याबद्दल बोलणार नाही, असं मी धरून चाललो.

नंतर डावा हात झोळीत. वर उचलायचा नाही, नाहीतर तार सरकेल. शैला माझ्या सदऱ्याची बटणं लावायची. इतक्या वर्षांच्या संसारात तिनं माझी बटणं तुटल्यावर शिवली होती, लावली कधी नव्हती. ती लावताना आम्ही दोघंही भलतीकडे बघत असू.

शशी रोज संध्याकाळी मंगलनं दिलेला डबा घेऊन यायचा. मुगाची खिचडी आणि कढी. अर्धी मला द्यायचा आणि अर्धी समोरच्या स्टुलावर बसून स्वतः खायचा. “पेशंटला एकटं जेवायला लावू नये,” म्हणायचा. जाताना माझ्या पट्टीवर हलकेच टिचकी मारायचा. “आत आहे ना रे ही डबी? बघ, हिला तरी खरं सांग.”

घरात आलेली खरं बोलणारी

यंत्राला घरात आम्ही डबी म्हणायला लागलो. डबीबरोबर एक पेटी मिळाली, उशाशी ठेवायची. मी झोपलो की ती डबीकडून दिवसभराची खबर घ्यायची आणि दवाखान्याला कळवायची. छातीत धडधड किती, पाणी साठतंय का, मी दिवसाकाठी चाललो किती, सगळं.

आधी मला हे समजलंच नाही. पहिल्या तपासणीला बाईंनी विचारलं, “काका, चालणं कसं काय?”

“रोज मांजलपूर ते कमाटीबाग आणि परत. वाटेत लोक घड्याळं लावून घेतात.”

बाईंनी माझ्या छातीवर चपटी वडीसारखी एक वस्तू धरली आणि शेजारच्या पडद्याकडे पाहिलं. पडद्यावर बुटक्या बुटक्या काठ्या होत्या. “काका,” त्या म्हणाल्या, “तुम्ही खुर्चीतून उठून फ्रिजपर्यंत जाता. आणि परत येता.”

शैला इतकी हसली की बाहेरून नर्स आत डोकावली. “चला,” म्हणाली, “घरात एक तरी खरं बोलणारं आलं.”

दसऱ्याला आमच्याकडे पणजोबांच्या तलवारीची पूजा असते. त्या वर्षी शैलानं उशाजवळची पेटीही आणून तलवारीशेजारी ठेवली, तिला हळदकुंकू लावलं, वर झेंडूचं फूल ठेवलं. मी हसलो. ती हसली नाही. “तलवारीनं काय केलं ते तुम्ही सांगता म्हणून माहीत,” म्हणाली. “हिनं काय केलं ते मला हिच्याकडूनच कळतं.”

शॉक

त्यानंतरच्या उन्हाळ्यात एका दुपारी डबीनं मला शॉक दिला. त्या रविवारी मंडळींना मी तो कसा सांगितला, ते शब्द न गाळता लिहितो, कारण सगळं त्याच्यावरच उभं आहे.

“मी सोफ्यावर बसलो होतो. एकदम छातीत तोफ सुटली. मी उडालो तो थेट पंख्याला! पंखा फुल स्पीडवर. तीन फेऱ्या मारल्या मी. शैला खालून ओरडतेय, उतरा, उतरा! सोसायटीचे दिवे गेले, लिफ्ट अडकली, वरच्या मजल्यावरच्या भट्टकाकांचं मिक्सर आपोआप सुरू झालं. खाली आलो तर दाताच्या चांदीत निळा प्रकाश. आणि मिशा? मिशा जळाल्याचा वास संध्याकाळपर्यंत!”

मंडळी हसून लोळली. मी सवयीनं शशीकडे पाहिलं. या गोष्टीला दोन्ही पंजे, झालंच तर पायाचीही बोटं, अशी माझी अपेक्षा होती.

शशीनं एकही बोट वर केलं नाही. तो चमच्यानं रश्श्यात शेव बुडवत बसला होता. मला वाटलं, गोष्ट इतकी रंगली की तो भागायचं विसरला. मी आणखी खूश झालो आणि मिशांचा वास दुसऱ्या दिवसापर्यंत लांबवला.

आता भागून सांगतो. सोफ्यावर बसलो होतो हे खरं. छातीत ती जुनी फडफड झाली आणि पाठोपाठ आतून एक लाथ बसली. घोड्याची म्हणा हवं तर. “आई गं” म्हणेपर्यंत ती होऊनही गेली. हातातला चहा मांडीवर सांडला. मी उडालो नाही, पडलो नाही. शैलानं पाणी दिलं, ते मीच हातात धरून प्यायलो. खरी भीती नंतर आली, पुन्हा बसेल की काय याची. ती दोनतीन आठवडे राहिली आणि मग विरली. मांडीवर भाजलं होतं ते जास्त दिवस दुखलं.

आणि एक गोष्ट मी त्या रविवारी सांगितलीच नाही. शॉकनंतर दवाखान्यात बाईंनी डबीतली नोंद उघडली होती. म्हणाल्या, शॉक हा तिचा शेवटचा उपाय. त्याआधी ती बारीक झटपट ठोके देऊन बघते, धावणाऱ्या घोड्याच्या जोडीनं धावून त्याचा लगाम धरावा तशी. या वेळेस लगाम हातात आला नाही, म्हणून लाथ. पण याआधी काही वेळा तो आला होता. माझं हृदय बेभान झालं, डबीनं आवरलं, आणि मला पत्ताच नाही.

“गुढीपाडव्याला दुपारी तुम्ही काय करत होता?” बाईंनी विचारलं होतं.

मला आठवेना. शैलाला आठवलं. “मंगलकडे जेवायला होतो. हे पाचव्या वाघाची गोष्ट सांगत होते आणि मध्येच अडखळले. म्हणाले, मी काय सांगत होतो? आणि शशीभाऊ म्हणाले, वाघ सांगत होता, त्याला बोलू दे.”

त्या अडखळण्यात मी मेलो असतो. पुरणपोळीवर तूप वाढून घेताना. डबीनं माझा हात धरून मला परत गोष्टीत आणून सोडलं होतं.

हे मी मंडळींना सांगितलं नाही. लाजेनं नव्हे, भीतीनंही नव्हे. त्यात रंगवण्यासारखं काहीच नव्हतं. एक माणूस जेवताना अडखळला आणि पुन्हा बोलू लागला, याची काय गोष्ट होणार?

शशीची पाळी

पावसाळ्यात शशीचे पाय सुजायला लागले. जिना चढताना तो मजल्यागणिक थांबायचा आणि दारांवरच्या पाट्या वाचल्यासारखं करायचा. मंगल त्याला माझ्याच डॉक्टरबाईंकडे घेऊन गेली. हृदय थकलं होतं. बाईंनी गोळ्या दिल्या आणि म्हणाल्या, तुमच्या साडूभाईंसारखं यंत्र तुम्हालाही बसवून घ्या, लवकर.

शशी म्हणाला, “नाही.”

मंगलचा मला फोन आला. “भावोजी, तुम्हीच समजवा. मला म्हणतात, दत्तूचं काय झालं ते ऐकलंस ना. माझ्यानं नाही व्हायचं.”

मी फोन ठेवला तेव्हा मला उसळीच्या रश्श्यात शेव बुडवणारा तो चमचा दिसला. शशीनं आयुष्यभर माझं सगळं भागलं. वाघ भागले, म्हैस भागली. पण त्या रविवारी तो आधीच दम लागणारा माणूस होता, कुणाला न सांगता. भीतीला भागाकार येत नाही.

मी तडक तरसालीला गेलो. म्हणजे शैलानं नेलं. शॉकनंतर काही महिने बाईंनी मला स्कूटर चालवायला बंदी केली होती. शैला पुढे, मी मागे, पणजोबांच्या तलवारीचा वारस.

“शशी, पंख्याचं खोटं होतं.”

“बरं.”

“मिशांचंही.”

“मिशा दिसतायत मला.”

“एक लाथ बसते. क्षणभर. बस. आणि बहुतेक वेळा तर तीही बसत नाही. पाडव्याला याच खोलीत माझं हृदय बिघडलं होतं, डबीनं नीट केलं, मला कळलंही नाही!”

शशीनं हळूहळू दोन्ही पंजे वर केले. दहाच्या दहा बोटं.

पंख्यावरून फिरलो म्हणालो तेव्हा एक बोट नाही, आणि आयुष्यात पहिल्यांदा धडधडीत खरं बोललो तर दहा. मी म्हटलं, “चल दवाखान्यात. माझ्यावर नको, मशीनवर विश्वास ठेव.”

तो आला, बरोबर मंगलही. बाईंनी माझ्या परवानगीनं माझी नोंद पडद्यावर उघडली आणि शशीला खुर्ची जवळ घ्यायला सांगितली. “ही तुमच्या साडूभाईंची नेहमीची चाल. जुओ, बघा, इथे एकदम धाव. हे बारीक ठोके डबीचे. आणि ही परत चाल.” त्यांनी तारखेवर बोट ठेवलं. गुढीपाडवा.

शशी पुढे झुकला. त्याला तो क्षण आठवला, हे मला त्याच्या मानेवरून कळलं. मग मागे टेकला.

“बेन,” तो म्हणाला, “हे मशीन याच्याच छातीत राहतं ना?”

“हो.”

“मग झालं. संगतीनं तेही थापा मारायला शिकलं.”

बाई हसल्या. मंगल डोळ्याला पदर लावून हसली. सगळ्यांत जोरात मी हसलो. विनोद माझ्या तोडीचा होता. आज वाटतं, तेव्हा हसायला नको होतं. तेव्हा त्याची कॉलर धरायला हवी होती.

परतताना मंगल शैलाबरोबर स्कूटरवर होती, आम्ही दोघं रिक्षात. मकरपुऱ्याच्या सिग्नलला तो रस्त्याकडे बघत म्हणाला, “दत्तू, खरंच कळलं नाही तुला?”

“खरंच नाही.”

“काहीच नाही?”

“तूप कमी वाढलंय एवढंच कळलं.”

तो हसला. मग त्यानं एक पंजा वर केला. पाच बोटं. पाचाचे शून्य व्हायला अजून अवकाश होता, पण दहाचे पाच झाले होते. “दसरा होऊ दे,” म्हणाला. “मग बघू.”

मी जास्त रेटलं नाही. मला वाटलं, अर्ध्यावर आलाय, दसऱ्यापर्यंत उरलेलं अर्धं मी बोलून उतरवीन. माझ्या बोलण्यावर माझा तेवढा विश्वास होता.

ती सकाळ

दसऱ्याच्या आधीच, नवरात्र बसायच्या आत, एका सकाळी मंगलचा फोन आला. शैलानं घेतला. तिनं फोन ठेवला आणि चावी उचलली.

तरसालीच्या वळणावर पाइपलाइनसाठी रस्ता खणलेला. टेम्पो, रिक्षा, शाळेच्या व्हॅन, सगळं अडकून पडलेलं. मी मागून उतरलो आणि पळायला लागलो.

“अहो, थांबा! अहो!” शैला ओरडत होती. मी थांबलो नाही. डबी कधीही लाथ मारेल हे मला ठाऊक होतं. मी मनात तिला म्हणत होतो, मार, पण पोचू दे. मातीच्या ढिगांवरून, दुधाच्या दुकानासमोरून, आखाड्यातली सगळी वर्षं पायात गोळा करून पळालो.

दार उघडं होतं. शेजारची माणसं होती. शशी हॉलमधल्या खुर्चीत होता, मान एका बाजूला, समोर स्टुलावर चहा. चहा त्यानं प्यायला नव्हता. डॉक्टर येऊन गेले होते. करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

मंगल माझ्याकडे आली. मला वाटलं, आता बोलेल ते बोलेल. ती वर बघत म्हणाली, “भावोजी, परवाच म्हणाले मला, बसवून घेतो, पण आधी हॉलमधला पंखा काढून टाक.”

पंखा फिरत होता. कोणी तो बंद केला नव्हता.

तो विनोद होता की भीती, हे मला अजून कळलेलं नाही. मी मंगलला विचारलं. तिलाही माहीत नाही. म्हणाली, “हसत म्हणाले. पण ते सगळंच हसत म्हणायचे.”

घरात

शैला बरेच दिवस माझ्याशी कामापुरतं बोलायची. मंगल तिची धाकटी बहीण, मी तिचा नवरा, आणि ती मध्ये. एकदा भाजी चिरताना म्हणाली, “तुम्ही त्यांना मारलं नाहीत. हे मी मंगललाही सांगितलं. पण तुम्ही त्यांना घाबरवलंत. ते मी तुम्हाला सांगते.” आणि चिरलेली भाजी धुवायला उठली. एवढंच. त्याला मी कशानंही भागू शकलो नाही.

दसऱ्याला तिनं पुन्हा तलवार आणि पेटी शेजारी ठेवली. फूल ठेवलं. मी तलवारीची गोष्ट सांगितली नाही आणि कुणी विचारलीही नाही.

तुम्हाला यंत्र बसवायला सांगितलं असेल, तर आमच्यासारख्यांना जरूर विचारा. आम्ही आनंदानं सांगू, तीच तर पंचाईत आहे. शॉकची गोष्ट प्रत्येक जण सांगतो, कारण तिच्यात आवाज आहे, धूर आहे. डबीनं गुपचूप हात धरला आणि सोडला, त्याची गोष्ट कोणी सांगत नाही. ती सांगणाऱ्याला स्वतःलाच माहीत नसते. ती डॉक्टरांना विचारा. त्यांना म्हणा, दुसऱ्या कुणाची तरी नोंद दाखवा, आणि शक्य असेल तर गप्प माणसाची दाखवा.

तपासणी

दिवाळीनंतर माझी नेहमीची तपासणी होती. शैला मंगलकडे गेली होती, मी एकटाच गेलो. बाईंनी ती चपटी वडी छातीवर धरली. पडद्यावर काठ्या उमटल्या. एरवी बुटक्या असतात, या वेळी बरेच आठवडे त्या जवळपास दिसतच नव्हत्या. बाई नोंदीत मागे मागे गेल्या आणि एका सकाळपाशी थांबल्या.

“काका, इथे डबी तयारीत होती. ठोके फार वाढले होते. पण तिनं हात लावला नाही.”

“का?”

“रोग एकदम उडी मारतो. इथे ठोके पायरीपायरीनं चढलेत, पायरीपायरीनंच उतरलेत. तिनं ओळखलं की हा आजार नाही.” त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “काय करत होता तेव्हा?”

माझ्याकडे तयार होतं सगळं. खणलेला रस्ता होता, टेम्पो होते, मातीचे ढीग होते. मी ते ढीग डोंगराएवढे करू शकलो असतो.

“पळत होतो,” मी म्हटलं.

“कुठे?”

“साडूकडे.”

बाईंना त्या तारखेचा अर्थ समजला. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग हळूच विचारलं, “फार लांब पळालात?”

“नाही. थोडंच.”

त्यांनी मान हलवली. पडद्यावरची रेघ माझ्या बाजूनं बोलत होती. आणि मी सवयीनं शेजारच्या खुर्चीकडे पाहिलं, किती बोटं वर आहेत ते बघायला.